चष्मेवाला की गॅरेजवाला?

३ फेब्रुवारी

ही दैनंदिनी काचा पुरवणाऱ्या कंपनीने फुकट दिलेली आहे आणि तीन वर्षांपूर्वीची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. वार खोडायचे आणि तारखा ठेवायच्या, असं ठरवून आज लिहायला बसलो. निमित्तही तसंच आहे. माझ्या धाकट्या मेहुणीने काढलेला सिनेमा शुक्रवारपासून आमच्या गावातल्या एकुलत्या एक थिएटरात लागतोय. ‘दुकान उघडं आहे’ असं नाव आहे. छोट्या गावातली हलकीफुलकी प्रेमकथा आहे म्हणे. नाव मला आवडलं. मी स्वतः सत्तावीस वर्षं चष्म्याचं दुकान वेळेवर उघडतो आहे, त्यावर कुणी दोन शब्द बोललेलं नाही.

हिला मात्र आठवडाभर काहीतरी झालंय. स्वयंपाकघरात एकटीच फिदीफिदी हसते. काय झालं विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कचरा गेलाय. बघू म्हटलं, तर पळालीच. हिचं हे नेहमीचंच. चष्मेवाल्याची बायको असून खुर्चीत बसायला तयार नाही. दोन वर्षं झाली, वर्तमानपत्र हात लांब करून वाचते. म्हणजे चाळिशी लागली आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तपासून घे म्हटलं की ‘बघू नंतर’. असलेला चष्माही धड वापरत नाही. आज सुईत दोरा ओवताना तो डोक्यावर सरकवून ठेवला होता. तेवीस वर्षं सांगतोय, चष्मा डोळ्यांसाठी असतो, केसांसाठी नसतो.

६ फेब्रुवारी

दुपारचा खेळ पाहिला. मी, ही आणि कन्या. शेजारचे दातांचे डॉक्टर मागच्याच रांगेत होते.

गोष्ट अशी. एका गावात समोरासमोर दोन दुकानं आहेत, एक चष्म्याचं आणि एक सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज. नायिकेची नजर उत्तम आहे. तरी ती सात वेळा चष्म्याच्या दुकानात येते आणि तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम चुकीची वाचते. का, तर तिला चष्मेवाला आवडलेला असतो. चष्मेवाला हा शुद्ध ठोंब्या. त्याला काही म्हणजे काही कळत नाही. दर वेळी गंभीर चेहरा करून म्हणतो, “नंबर पक्का होत नाही, परत या.” शेवटी ती कंटाळते, त्याने कसाबसा दिलेला चष्मा काउंटरवर ठेवते आणि गॅरेजवाल्याच्या मोटारसायकलवर मागे बसून निघून जाते. गाणं. समाप्त.

थिएटर हसून हसून आडवं झालं. चष्मेवाला दिसला की पुढच्या रांगेतली डोकी वळून माझ्याकडे बघायची. मध्यंतरात डॉक्टरांनी पाठीत धपाटा घातला आणि म्हणाले, “काय हुबेहूब हो!”

हुबेहूब कसलं? एक तर तो माणूस काच शर्टाच्या टोकाला पुसतो. मी उभ्या आयुष्यात शर्टाला काच पुसलेली नाही. माझ्याकडे त्यासाठी मऊ पिवळं फडकं आहे. दुसरं, तो बारीक स्क्रू फिरवताना जिभेचं टोक बाहेर काढतो. असं कोण करतं? आणि तिसरं, म्हणजे मुख्य. चांगल्या नजरेचा माणूस तपासणीत मला फसवू शकत नाही. सात वेळा तर नाहीच. असल्या अशक्य गोष्टी दाखवून लोकांचा आमच्या धंद्यावरचा विश्वास उडवायचा, याला काय म्हणावं?

ही दुकानातल्या प्रत्येक प्रसंगाला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण शेवटी, ती मोटारसायकल निघाली तेव्हा, एकदम गप्प झाली. घरी आल्यावर विचारलं, “कसा वाटला?”

“बरा होता.”

“आणि शेवट?”

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुम्हाला कसा वाटला?”

मी म्हटलं, “शर्टाला काच पुसतात का कुठे?”

यावर तिने सुस्कारा सोडला आणि चहा टाकायला गेली.

७ फेब्रुवारी

आज दुकानात सिनेमा सोडून दुसरा विषय नव्हता. आणि लोकांचं एकमत नावालाही नाही. न्हावी म्हणाला, नायकाचा भांग एका दाराने आत जाताना डावीकडे आणि दुसऱ्या दाराने बाहेर येताना उजवीकडे होता, असा सिनेमा तो गंभीरपणे घेऊ शकत नाही. दातांच्या डॉक्टरांना नायिकेच्या पुढच्या दोन दातांतली फट इतकी भावली की त्यांना गोष्ट आठवतच नाही. बसचा ड्रायव्हर म्हणाला, मोटारसायकलवर दोघांपैकी एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हतं, त्यामुळे शेवट सुखाचा आहे असं तो मानत नाही. थिएटरच्या मॅनेजरचं म्हणणं, मध्यंतर दहा मिनिटं आधी पाहिजे होतं, लोक भुकेले राहिले.

पण हे सगळं वरवरचं. खरा वाद एकच. तिने चष्मेवाल्याला सोडून गॅरेजवाल्याबरोबर जावं की नाही? अर्धे म्हणतात, बिचारा चष्मेवाला. अर्धे म्हणतात, बरी अद्दल घडली. एक आजीबाई चष्म्याची काडी घट्ट करायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “असल्या मठ्ठ माणसाबरोबर कोण जन्म काढेल, बाई!” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका हो.”

मी कशाला मनाला लावून घेऊ? माझा काय संबंध?

८ फेब्रुवारी

मेहुणीचा फोन आला. “भावोजी, कसा वाटला?” मी पिवळ्या फडक्याबद्दल सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, “पुढच्या सिनेमात घेते फडकं.” मग मी सहज, अगदी सहज विचारलं, की ही गोष्ट तुला सुचली कुठून?

“अय्या, ताईने सांगितलं नाही? सगळी तिचीच गोष्ट आहे. फोनवर एकेक प्रसंग तिने मला सांगितलाय. मी फक्त कॅमेरा लावला.”

“आणि शेवट?”

तेवढ्यात तिच्याकडे कुणीतरी आलं. “शेवटाचं ताईलाच विचारा,” म्हणाली आणि फोन ठेवला.

म्हणजे सगळी गोष्ट हिची. शेवटासकट.

आणि आमच्या दुकानासमोर गॅरेज आहेच. गॅरेजवाल्याने आणि मी एकाच वर्षी दुकानं टाकली होती. लग्नाआधी ही रोज सायकलवरून तिथे यायची, ते मला आठवतं. तेव्हा मी म्हणायचो, काय पंक्चर होणारी सायकल आहे! आता ती सायकल माझ्या डोक्यातून जात नाही.

ही आत वर्तमानपत्र हात लांब करून वाचते आहे. मी विचारलं नाही. ती ‘हो’ म्हणाली तर काय करायचं, ते आधी ठरवायला हवं.

१० फेब्रुवारी

ठरलं. हिला विचारण्याआधी गावाला विचारायचं. गावाने माझ्या बाजूने कौल दिला, तर हिला सांगता येईल की बाई, तुझंच मत चुकलंय, बघ बहुमत. आणि माझ्यासारखी सोय कुणाला नाही. माणूस माझ्या खुर्चीत हनुवटी पट्टीवर टेकवून बसला की पाच मिनिटं हलू शकत नाही. उजवा डोळा झाला की सिनेमाचा विषय काढायचा आणि डावा संपेपर्यंत मत घ्यायचं. नंबराच्या कार्डाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘च’ किंवा ‘ग’ लिहायचं. काम शास्त्रशुद्ध झालं पाहिजे.

आज च सहा, ग पाच.

१२ फेब्रुवारी

च चौदा, ग अठरा. बायकांची मतं कठोर आहेत.

एक नवीनच लग्न झालेली मुलगी आली होती. म्हणाली, “तो चांगला आहे हो, पण त्याने एकदा तरी मान वर करून तिच्याकडे बघावं की नाही? सारखा त्या काचा बघत बसतो.” मी तिला म्हटलं, तपासणीत काचाच बघायच्या असतात. तर म्हणाली, “हो ना काका, तेच तर.”

काय तेच, ते कळलं नाही. ग लिहिलं.

१३ फेब्रुवारी

आज स्वतः गॅरेजवाला आला. त्याचं पोट आता त्याच्या आधी दुकानात शिरतं. सिनेमा लागल्यापासून लोक त्याला ‘हिरो’ म्हणू लागलेत. त्यामुळे त्याला काळा गॉगल हवा होता. मी त्याला तपासणीच्या खुर्चीत बसवलं. शत्रू असला तरी गिऱ्हाईक आहे, आणि त्याचं मत तर हवंच होतं.

“शेवट पटला का?” मी विचारलं.

“छे! अजिबात पटला नाही,” तो म्हणाला. त्याची हनुवटी पट्टीवर असल्याने आवाज घशातून येत होता. “तुम्हाला खरं सांगू? वहिनी माझ्याकडे रोज यायच्या. पण चाकाला कधी भोक नसायचं. हवा सोडून आणायच्या. मी हवा भरायचो तोवर माझ्या दाराशी उभ्या राहून रस्त्यापलीकडे बघायच्या. मी एकदा म्हटलं, ताई, हवा भरून झाली. तर म्हणतात, अजून थोडी भरा. टायर फुटेल म्हटलं, तर म्हणतात, फुटू द्या.”

हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं, पण उलटंच झालं. जिला चाकात हवा किती भरायची ते कळत नाही, तिला तेव्हा सायकल चालवायला कुणी दिली? अपघात झाला असता म्हणजे? आणि रस्त्यापलीकडे बघत कशाला बसायची? पलीकडे माझं दुकान सोडून काही नव्हतंच.

तो च म्हणाला. पण तो स्वतःच स्पर्धक असल्यामुळे त्याचं मत धरता येत नाही. गॉगल त्याला शोभत नाही, ते मी सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज जुनं कपाट उघडलं. म्हटलं, निदान सिनेमातली ती मुख्य थाप तरी पुराव्यानिशी खोडून काढू. मी एकही कार्ड फेकत नाही. हिची लग्नाआधीची कार्डं सापडली. पाच. म्हणजे सात वेळा हा तर धडधडीत खोटेपणा आहे.

पहिल्या खेपेला दोन्ही डोळे मायनस एक. आठवड्याने उजवा प्लस अर्धा, डावा मायनस दीड. नंतर दोन्ही ठीक, पण ‘अक्षरं नाचतात’ अशी तक्रार. चौथ्या वेळी ‘फक्त शेवटची ओळ दिसते, वरची मोठी दिसत नाहीत’. पाचव्या वेळी मी वैतागून सगळ्यांत सौम्य असा मायनस पाव दिला आणि फ्रेम स्वतःच्या हाताने बसवली. तोच चष्मा, फ्रेम तीनदा बदलून, ती आजवर वापरते. पहिल्या चारही कार्डांवर माझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘नंबर पक्का होत नाही, परत या’.

कार्डं समोर मांडून तासभर विचार केला. कुणाचीही नजर आठवड्याला अशी बदलत नाही. अर्थ उघड आहे. माझं तेव्हाचं यंत्र बिघडलेलं होतं. त्या काळात ज्यांना ज्यांना चष्मे दिले, त्यांची क्षमा मागायला हवी. सत्तावीस वर्षांची अब्रू धुळीला मिळायची वेळ आली आहे, आणि ही आत हसते आहे.

कन्या माझ्या खांद्यावरून कार्डं वाचत होती. “बाबा,” म्हणाली, “तुम्ही धन्य आहात.” यंत्राची चूक कबूल करायला धैर्य लागतं, हे तिला कळलं, याचं बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

एक घोटाळा झालाय. निवृत्त मुख्याध्यापिका बाई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. बाई शिस्तीच्या. त्यांनी ठणकावून ग सांगितला. कारण, “ज्या मुलाचं वर्गात लक्ष नाही, त्याला पास करणार नाही मी.” त्यांचं मत लिहून घेण्याच्या नादात मी त्यांची उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसवून चष्मा दिला. अशी चूक माझ्या हातून आजवर झालेली नाही.

आज त्या परत आल्या. तक्रारीसाठी नव्हे, मत बदलायला! नवा चष्मा घालून त्या सिनेमा दुसऱ्यांदा पाहून आल्या होत्या. म्हणाल्या, “या खेपेला मला तो चष्मेवाला फारच देखणा वाटला. चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज आहे त्याच्या. माझं मत त्याला.” आणि जाताना दाराऐवजी शेजारच्या आरशाकडे चालू लागल्या.

आता हिशेब असा की बाईंचं मत धरून च सदतीस, ग सदतीस. बाईंना खरा चष्मा दिला तर त्यांना चष्मेवाला पुन्हा नीट दिसेल आणि मी हरेन. न दिला तर बाई आरशात शिरतील.

एक दिवस विचार करतो. काचा आलेल्या नाहीत, असं सांगितलंय.

१९ फेब्रुवारी

सकाळी पहिलं काम म्हणून बाईंच्या काचा नीट बसवल्या आणि चष्मा स्वतः घरी नेऊन दिला. त्यांनी तो घातला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “अरे, तू आहेस होय?” मग म्हणाल्या, “माझं पहिलंच मत धर.” च छत्तीस, ग अडतीस. धंद्याशी प्रामाणिक राहिलो, एवढंच समाधान.

पण खरी आपत्ती दुपारी आली. मी बाईंकडे गेलो असताना ही दुकानात कार्डं लावत बसली होती. कोपऱ्यातले च आणि ग तिने पाहिले. मी आलो तर काउंटरवर सगळी कार्डं पत्त्यांसारखी मांडलेली.

“हे काय आहे?”

मी खरं ते सांगितलं. खोटं बोलायला मला जमत नाही, वेळ लागतो.

“म्हणजे सबंध गावाच्या हनुवट्या टेकवून विचारलंत, तिने कुणाशी लग्न करायला हवं होतं?”

“शास्त्रशुद्ध विचारलं.”

“आणि मला?”

मी कार्डं गोळा करू लागलो. तिला विचारायची भीती वाटते, हे गिऱ्हाईक समोर असताना कसं सांगणार? ड्रायव्हर त्याची फ्रेम निवडायचं सोडून आमच्याकडेच बघत होता.

तिने डोळ्यांवरचा चष्मा काढला, घडी घातली, काउंटरवर ठेवला आणि निघून गेली. अगदी सिनेमातल्यासारखी.

“काका,” ड्रायव्हर म्हणाला, “माझंही मत बदलून घ्या. च करा.” दयेपोटी दिलेली मतं मी धरत नाही.

२० फेब्रुवारी

ही बोलते, पण कामापुरतं. चष्मा अजून काउंटरवरच आहे. मी तो पुसून ठेवला. चार वेळा.

दहा वाजता ती बाजारात निघाली, चष्म्याशिवाय! मायनस पाव म्हणजे तसा नावापुरताच नंबर, पण तेवीस वर्षांची सवय आहे, पायरीबियरी चुकली तर? दुकान कन्येवर सोपवलं आणि चष्मा खिशात घालून मागोमाग निघालो. अडखळली तर पटकन पुढे व्हायचं, असा बेत होता.

ती अडखळली नाही. उलट मीच तिच्यावर नजर ठेवण्याच्या नादात कोबीच्या टोपलीत पाय घातला. ती रस्त्याच्या या टोकाला उभी राहून पलीकडच्या टोकाला असलेल्या तिच्या मैत्रिणीला म्हणाली, “अगं, त्या बसवरची पाटी बदलली बघ!” मी मान वळवली. मला बस दिसत होती, पाटीचा पत्ता नव्हता. अंदाजाने बोलली असणार. आंधळ्या माणसांना जसा वाटेचा अंदाज येतो, तसा तिलाही येत असेल, असं वाटून मला भरून आलं. माझ्यावरच्या रागापायी बिचारी अंदाजाने जगते आहे.

घरी पोचल्यावर दारात मागे न वळता म्हणाली, “पायाला कोबीचं पान चिकटलंय तुमच्या.”

वाटभर मी तिच्यापासून चांगला चाळीस पावलं मागे होतो.

२१ फेब्रुवारी

सिनेमाचा शेवटचा आठवडा आहे म्हणून मॅनेजर सांगून गेला. मी त्याला मत विचारायचंही विसरलो.

खरं लिहितो. च आणि ग गेले खड्ड्यात. मला हिच्या मनात काय आहे ते हवंय. तेवीस वर्षं ही माझ्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहिली. मी काचा घासत बसलो. ती नवीन लग्न झालेली मुलगी म्हणाली होती, मान वर करून बघावं की नाही? आज जेवताना मी मान वर करून पाहिलं. ही उजव्या गालाने हसते आणि हसू दाबते तेव्हा डावी भुवई वर जाते, हे मला माहीतच नव्हतं. नंबर मला तिचा पाठ आहे, आणि भुवई माहीत नाही.

आणि ती हसत का होती, तेही कळलं नाही.

२२ फेब्रुवारी

दुपारी तीनला दुकानाची घंटा वाजली. ही. घरातल्या दाराने नाही, रस्त्याच्या दाराने आली. पर्स खांद्याला, सगळं रीतसर.

“नंबर तपासायचाय,” म्हणाली.

कन्या लगेच म्हणाली की तिला काहीतरी आणायचंय, आणि पळाली. काय आणायचं ते सांगितलं नाही.

मी खुर्ची पुसली. ती बसली. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “दिसतील तेवढी अक्षरं वाचा.” चष्मा तिने घातलेला नव्हता.

तिने वरून वाचायला घेतलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. एकही चूक नाही. सगळ्यांत खालची, जी या गावात फारसं कुणी वाचत नाही, तीही वाचली. मग जरा थांबली आणि तक्त्याच्या पार तळाशी छापखान्याचं नाव आणि पत्ता असतो, तोही घडाघड वाचून दाखवला. तो मला स्वतःला भिंग लावल्याशिवाय दिसत नाही.

मी म्हटलं, “तुमची नजर...” गिऱ्हाईकाला अहो-जाहो करायची सवय. “तुमची नजर उत्तम आहे.”

“हो.”

“कधीपासून?”

“जन्मापासून.”

मी स्टुलावर बसलो. कपाटातली पाच कार्डं डोळ्यांपुढे आली. मायनस एक. प्लस अर्धा. अक्षरं नाचतात. मग हवा सोडलेली सायकल आली, आणि रस्त्यापलीकडे माझं दुकान. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं.

“म्हणजे सिनेमातली ती...”

“अहो, देवा! सबंध गावाला पहिल्या दिवशी कळलं. तुमच्या मुलीला कळलं. गॅरेजवाल्याला तर तेव्हाच कळलं होतं.”

“आणि चष्मा? तेवीस वर्षं?”

“तुम्ही बसवून दिला होता ना? जिभेचं टोक बाहेर काढून. मी बाबांच्या चष्म्याची काडी घट्ट करायला त्यांच्याबरोबर आले होते, तेव्हाही तसंच. इतकं मन लावून एवढासा स्क्रू फिरवणारा माणूस मी पाहिला नव्हता. घरी जाताना मी बाबांना म्हटलं, मलाही जरा अंधुक दिसतंय.”

“मग तपासणीला बसत का नव्हतीस?”

“बसले असते तर कळलं नसतं का? तेवढं तरी कळलं असतं बहुतेक.”

मी शेवटचा प्रश्न विचारला. हाताला काम म्हणून काहीतरी पुसत राहिलो. “मग शेवट तसा का? ती त्याच्या मागे बसून जाते तो?”

“तो धाकटीने बदलला. मी तिला खरा शेवट सांगितला होता. ती म्हणाली, ताई, पाच वेळा कळलं नाही तरी ही मुलगी त्याच्याशीच लग्न करते, यावर कुणीही विश्वास ठेवणार नाही. लोक म्हणतील, काहीतरीच दाखवतात.” “ती मोटारसायकल निघाली ना, तेव्हा मला थिएटरात रडूच आलं. म्हटलं, अगं मूर्ख मुली, आणखी एकदा जाऊन बघ की.”

मग तिने माझ्या खिशातली पेन्सिल घेतली, स्वतःचं कार्ड उलटं केलं आणि कोपऱ्यात लिहिलं. च. शेजारी आणखी एक च. मग आणखी. पाच खेपांचे पाच, म्हणाली. एकूण च एकेचाळीस, ग अडतीस. हे शास्त्रशुद्ध नाही, पण मी धरलं.

“आणि बघा,” ती म्हणाली, “पुसताय कशाला ते.”

मी खाली पाहिलं. हिचाच चष्मा होता आणि शर्टाचं टोक.

जवळचं वाचायचं कार्ड मी तिच्या हातात दिलं तेव्हा मात्र ती ते लांब लांब नेऊ लागली. “हे खरं हं,” म्हणाली. “हे वयाचं आहे. खरंच दिसत नाही.”

चाळिशीचा नंबर काढायला मला चार मिनिटं लागतात. दोन काचा लावल्या की झालं. मी पहिली काच लावली, मान वर केली आणि बघितलं. तिची डावी भुवई वर गेली होती.

“नंबर पक्का होत नाही,” मी म्हटलं. “उद्या परत यावं लागेल.”

“किती वाजता?”

“तीनला. तेव्हा गिऱ्हाईक नसतं.”

उद्याच्या पानावर लिहून ठेवलंय: दुपारी तीन. वेळ लागेल.